दारावरची पट्टी

सरकारी पुलांची आणि पाण्याच्या टाक्यांची अंदाजपत्रकं तपासण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला स्वतःच्या घरातल्या एका खोलीला किती पट्टी लागेल हे सांगता येऊ नये, असं आमच्या इमारतीत आजही बोललं जातं. जिन्यात बोललं जातं, गच्चीवर बोललं जातं, आणि मी समोर आलो तरी आवाज न उतरवता बोललं जातं. बोलणाऱ्यांचं तोंड मी धरू शकत नाही. तसा माझ्याकडे भक्कम पुरावा आहे, पण तो बाहेर काढायला मला घरातून बंदी आहे.

मागच्या खोलीपासून सुरुवात करतो. ज्या वस्तू टाकून द्यायच्या असं आमचं एकमत होतं, त्या सगळ्या आम्ही इतकी वर्षं या खोलीत जपून ठेवल्या होत्या. ती रिकामी करायची वेळ आली, कारण अण्णा येणार होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूचा काटा केसभर कलला असला तरी त्यांना तो रस्त्याच्या पलीकडून दिसायचा, आणि जावयातली खोट तर त्यांना लग्नाच्या आधीच दिसली होती, असं मला कायम वाटत आलंय. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. बायको दर फोनला त्यांना इकडे या म्हणायची आणि ते दर फोनला 'बघू' म्हणायचे. मग एकदा ते न्हाणीघरात घसरून पडले, आणि ते आम्हाला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ नुसती उभी होती. मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी वर्तमानपत्र उघडतो, म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं.

शेवटी अण्णा कबूल झाले. आठवडाभर येऊन बघतो म्हणाले, आणि तेही पाहुणा म्हणून. बायकोला या वाक्याचा अर्थ बरोबर कळला.

"ते खोट काढायला येतायत," ती म्हणाली. "एक जरी सापडली ना, की म्हणतील, पोरीच्या घरात उगाच अडचण कशाला, आणि निघतील. त्या खोलीत खोट राहता कामा नये."

खोलीत खोटीच खोटी होत्या. त्यातल्या बहुतेक रंगाऱ्यानं बुजवल्या, पण एका जागी त्यानं हात टेकले. भिंत आणि छत जिथं एकमेकांना भेटतात, तिथं चारही बाजूंनी तडा गेला होता. तिथली रेघ कुठं वर चढायची, कुठं खाली उतरायची. रंगारी म्हणाला, मी कितीही सरळ ब्रश ओढला तरी तुमची भिंत मला साथ देणार नाही, त्यापेक्षा कडेनं नक्षीची लाकडी पट्टी लावून टाका, सगळं झाकलं जाईल. बायकोला हे पटलं. माणूस पलंगावर उताणा झोपला की त्याला दुसरं काय दिसतं, असं तिचं म्हणणं. अण्णा तर तिला आठवतं तेव्हापासून उताणेच झोपतात.

आता पट्टी किती, हा प्रश्न. तो ऐकताच मी खुर्चीवरून उठलो. घरात दिवा बंद पडला, नळ गळला, गॅस संपला, तर मला कोणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. पण अंदाज हा माझा प्रांत. मी टेप घेतला, स्टूल घेतलं, आणि तासाभरात खोलीची सगळी मापं काढली. चार भिंती मोजल्या की झालं असं कोणालाही वाटेल. तसं नसतं. आमच्या खोलीत एका कोपऱ्यातून खांब पुढं आलाय, त्याला वळसा घालायचा. कोपऱ्यात पट्टी तिरकी कापून जोडायची, त्यात प्रत्येक वेळी थोडी वाया जाते. शिवाय खोली गुण्यात नाही, म्हणजे तिचा एकही कोपरा काटकोनात बसत नाही, त्यामुळे समोरासमोरच्या भिंतीसुद्धा सारख्या लांबीच्या निघाल्या नाहीत. हे सगळं धरून मी हिशेब केला आणि उत्तर आलं, सात पट्ट्या. मी तो उलटा करून पुन्हा पाहिला. सात.

बायकोला मी नऊ सांगितल्या.

यात लबाडी नाही. आमच्या शाखेची ही रीत आहे. ती कुठंही छापलेली नाही आणि सगळे पाळतात. खालच्यानं खरा आकडा काढायचा, त्यात पाव भाग वाढवायचा आणि कागद वर पाठवायचा. वरच्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो पाव भाग कापतो. न वाढवणारा अडाणी ठरतो, आणि न कापणाऱ्याला आपण पगार कशाचा घेतो असं वाटायला लागतं. अशा रीतीनं अंदाजपत्रक सगळी वळणं घेऊन शेवटी पहिल्या आकड्यावरच येतं, आणि मधल्या सगळ्यांच्या सह्या मिळतात. देशात पूल उभे राहतात ते असेच. मी इतकी वर्षं या पद्धतीत वावरलोय की घरात साखर आणायची असली तरी तोंडातून वाढीव आकडाच बाहेर पडतो.

बायकोही इतकी वर्षं माझ्याबरोबर वावरली आहे. तिनं नऊ ऐकलं, मान डोलावली, दुकानात गेली आणि सात घेतल्या. पद्धत चोख चालली होती, हे ध्यानात ठेवावं.

मधल्या मध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या सेक्रेटरींनी आठ घ्या असं सुचवलं होतं. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी खोली पाहिली नव्हती, दोन्ही आकडे तेवढे माझ्याकडून ऐकले होते. पण सात म्हणजे कमी पडणार आणि नऊ म्हणजे उरणार, असं त्यांचं साधं गणित होतं. ते मी हसण्यावारी नेलं, आणि ते त्यांनी मनात ठेवलं.

बायकोनं निवडलेली पट्टी खरोखर देखणी होती. खाली दोरखंडाचा पीळ आणि वर बारीक पानांची वेल. दुकानदार म्हणाला, ही नक्षी आता बंद झाली, हा शेवटचा माल, एका हॉटेलवाल्यानं बाकीचा उचललाय. शेवटचा माल म्हटल्यावर बायकोला ती पट्टी जास्तच आवडली.

पट्ट्या टेम्पोतून आल्या आणि खरी कथा सुरू झाली. त्या लिफ्टमध्ये मावेनात. जिन्यानं न्यायच्या तर वॉचमननं अडवलं. दुरुस्तीचं सामान सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय वर जात नाही. मग इथंच ठेवा म्हटलं, तर प्रवेशद्वारात खासगी सामान ठेवता येत नाही. शेवटी वॉचमननंच तोडगा काढून सगळ्या पट्ट्या तळमजल्यावर, विजेचे मीटर असतात त्या खोलीत उभ्या केल्या, आणि मी समोरच्या घरी गेलो.

सेक्रेटरींनी मला बसवलं, पाणी दिलं आणि छापील अर्ज दिला. अर्जात कामाचं स्वरूप विचारलं होतं आणि दोनच पर्याय होते, तोडफोड किंवा वाढीव बांधकाम. मी म्हटलं, यातलं काहीच नाही, नुसती पट्टी आहे. ते म्हणाले, मग परवानगी कशाची देऊ? मी दोन्ही पर्याय खोडून 'शोभा' असं लिहिलं. अर्ज परत आला. खाडाखोड चालत नव्हती. दुसऱ्या अर्जात मी वाढीव बांधकामावर खूण केली, तर त्याला नकाशा जोडा म्हणाले. मी सरकारी खात्यातला माणूस, लोकांना नकाशे जोडायला लावणारा. माझ्यावर ही वेळ यावी याचं मला मनापासून दुःख झालं. अखेर समितीतल्या कोणीतरी वाट काढली आणि आमच्या पट्टीला 'तात्पुरती सजावट' म्हणून मान्यता मिळाली. ती केव्हा उतरवणार ते लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं, इमारतीबरोबर.

अण्णा यायला थोडाच अवधी उरला होता, त्यामुळे परवानगी हातात पडताच मी, वॉचमन आणि सुतार असे तिघं मीटरच्या खोलीत घुसलो आणि ज्याला जेवढ्या पेलल्या तेवढ्या पट्ट्या खांद्यावर टाकून निघालो. सेक्रेटरी वरच्या वळणावर उभं राहून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या असं सांगत होते. मी डावीकडे घेतलं आणि जिन्यातला दिवा फुटला. त्याचा अर्ज वेगळा होता.

सुतारानं काम छान केलं. जोड पुट्टीनं भरले, घासले, वरून पांढरा रंग मारला. कुठं एक पट्टी संपते आणि दुसरी सुरू होते ते सांगून कळलं नसतं. मी दारात उभा राहून समाधानानं बघत होतो, तेवढ्यात तो स्टुलावरून खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "साहेब, माल संपला."

दाराच्या वरचा भाग उघडाच होता. दोन्ही हात पसरले तर जेमतेम भरेल, एवढी जागा. तीन बाजूंनी वेल डौलात येत होती आणि दारापाशी आल्यावर एकदम तुटत होती, आणि त्या मोकळ्या जागेतून तो जुना तडा पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसत होता. पलंग नेमका दारासमोर होता.

यानंतर घरात जी चौकशी झाली ती आमच्या खात्यालाही लाजवील. मी म्हटलं, नऊ सांगितल्या होत्या. बायको म्हणाली, नऊमधल्या खऱ्या किती आणि तुमच्या साहेबांच्या किती, हे मला कसं कळावं? मी मान्य केलं की खऱ्या सातच. ती म्हणाली, मी सातच आणल्या, मग चुकलं कोणाचं? सेक्रेटरी नेमके तेव्हा दारात आले, वर बघितलं, आणि 'आठ' एवढंच म्हणून परत गेले. दुकानात फोन केला, तर हॉटेलवाल्यानं उरलेसुरले तुकडेही नेले होते. मी ऑफिसात बसून तो हिशेब पुन्हा केला, बसमध्ये उभ्यानं केला, आंघोळ करताना केला. दर वेळी सातच यायचे. पण भिंत दुसरंच सांगत होती. ज्या एका गोष्टीत मला घरात मान होता तीही गेली, आणि खरं सांगतो, मला स्वतःवरच संशय यायला लागला. ऑफिसात एका पुलाचा कागद समोर आला तर सही करताना माझा हात थांबला.

पण बायकोपुढे माझा अपमान ही फार लहान गोष्ट होती. तिनं दारावर कॅलेंडर लावून पाहिलं, पडदा लावून पाहिला, आणि दोन्ही काढून टाकले. अण्णांसमोर काही झाकायला गेलं की ते आधी तिथंच बघतात. "आता जे होईल ते होईल," ती म्हणाली, आणि पडद्याची घडी घालायला लागली.

अण्णा आले. हातात एकच बॅग, आणि तिला हिरव्या सुतळीचे आडवे-उभे वेढे. वरती गाठ. ही गाठ आमच्या घरात प्रसिद्ध आहे. खोटी मापं जप्त केली की ते ती कापडात गुंडाळून अशी चपटी दुहेरी गाठ मारत. ती सोडायला गेलं तर आणखी आवळते, आणि दुसऱ्या कोणाला ती तशी मारता येत नाही. त्यांनी बॅग पलंगाशेजारी ठेवली, पण सोडली नाही. वेढ्यांमध्ये हात घालून बाजूनं टॉवेल तेवढा ओढून काढला. बायकोनं ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

जेवण झाल्यावर ते खोलीत जाऊन आडवे झाले. आम्ही दोघं बाहेर, निकालाची वाट बघत बसावं तसे बसलो. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"जावईबापू."

आम्ही आत गेलो. ते उताणे होते आणि नजर दारावर, म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर होती.

"हे माप कोणी घेतलं?"

"मी घेतलं, अण्णा."

"तुम्ही खात्यात काय करता?"

"अंदाज," मी म्हटलं. एवढा छोटा शब्द मला इतका जड कधीच गेला नव्हता.

अण्णा उठून बसले. बायकोनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ते स्टुलावर चढायला निघाले, मी त्यांना थांबवलं आणि स्वतः चढलो, आणि त्यांनी मला त्या तुटलेल्या टोकांची मापं घ्यायला लावली, नक्षीचा कागदावर ठसा घ्यायला लावला. मग चष्मा पुसत म्हणाले, "दुकानदार नाही म्हणाला आणि तुम्ही ऐकून घेतलंत. दुकानदाराचं मी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही. हे असं अर्धवट टाकून कसं चालेल? मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून ते बघायला लागले. सकाळी चहा घेऊन, नक्षीचा ठसा खिशात घालून बाहेर पडायचे आणि जेवायला परत यायचे. गावातलं एकही लाकडाचं दुकान त्यांनी सोडलं नाही. त्या हॉटेलवाल्याकडे जाऊन त्याच्या छताखाली मान वर करून फिरले. परतताना आणखी काय काय घेऊन यायचे, पण पट्टी नाही. जेवताना कोणत्या दुकानदारानं कसं बनवायचा प्रयत्न केला ते रंगवून सांगायचे. दोन दुकानदारांशी त्यांची भांडणं झाली आणि एकाशी चांगली दोस्ती. आठवडा संपला तेव्हा जायचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. बॅग मात्र सुतळीसकट पलंगाशेजारीच होती. आल्यागेल्या माणसाला ते खोलीत नेऊन दारावर बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आमचे जावई अंदाज शाखेत आहेत." मी दर वेळी हसायचो. हसून हसून माझे गाल दुखायचे.

अशात वॉचमननं मला खाली बोलावलं. मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या डोक्यात काहीतरी पडलं होतं आणि तो तक्रार करत होता. मी मीटरच्या खोलीत गेलो. दाराच्या मागून घसरून जमिनीवर आडवी झालेली, बिनरंगाची, दोरखंडाची आणि पानांची पट्टी. सातवी.

मी तिघांचे खांदे आठवले. माझ्या खांद्यावर दोन, वॉचमनच्या दोन, सुताराच्या दोन. अंदाज चुकला असं एकदा ठरल्यावर, आलेला माल मोजायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही. इतकी वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला ते सुचणारही नव्हतं.

त्या मीटरवाल्याची मी क्षमा मागितली की नाही आठवत नाही. पट्टी खांद्यावर घेऊन मी जिना चढलो ते मिरवणूक काढावी तसा. प्रत्येक दारावर थाप मारून ती दाखवायचा माझा बेत होता, आणि सेक्रेटरींच्या दारापासून सुरुवात करणार होतो. बेलवर बोट ठेवणार एवढ्यात आमचं दार उघडलं. बायकोनं पट्टी पाहिली, रिकामा जिना पाहिला, आणि मला पट्टीसकट आत ओढलं.

"अण्णा बाहेर गेलेत," ती म्हणाली. "ते यायच्या आत ही लपवा."

"लपवू? अगं, माझे सात बरोबर होते."

"होते. मला मान्य आहे. पण ही दारावर लागली की संध्याकाळी ते बॅग उचलतील."

"मग लोक जन्मभर मला हसणार?"

"हसू देत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांना घरी ठेवायला दुसरं काही नाहीये माझ्याकडे."

आमच्या कपाटामागे, भिंतीला चिकटून, मी स्वतःच्या हातांनी माझी अब्रू उभी केली आणि हात धुतले.

त्यानंतर बरेच महिने गेले. अण्णांची पाहणी चालूच राहिली. दोस्ती झालेल्या दुकानदाराकडे त्यांची खुर्ची ठरून गेली. परवा पंखा दुरुस्त करायला कपाट सरकवावं लागलं. घरात मी एकटाच होतो. पट्टी होती तिथंच होती, पण तशीच नव्हती. कोणीतरी ती जुन्या कापडात नीट गुंडाळली होती आणि वरून तीन जागी सुतळी बांधली होती. हिरवी सुतळी. चपटी, दुहेरी गाठ. धूळही बऱ्यापैकी जमली होती, म्हणजे बांधून खूप दिवस झाले होते.

मी तसाच मागच्या खोलीत गेलो. पलंगाशेजारी बॅग नव्हती. ती माळ्यावर होती, रिकामी, तोंड उघडं. अण्णांचे शर्ट कपाटात घड्या घालून ठेवले होते, आणि ते काही त्या सकाळी ठेवल्यासारखे दिसत नव्हते. मी पलंगावर बसलो. हाताशी वर्तमानपत्र नव्हतं. मग उठलो आणि कपाट पुन्हा भिंतीला लावलं.

संध्याकाळी सेक्रेटरी कसल्यातरी वर्गणीसाठी आले. अण्णा मागच्या खोलीत पलंगावर टेकून बसले होते, बायको तिथंच तांदूळ निवडत होती. सेक्रेटरींनी सवयीप्रमाणे दारावर नजर टाकली आणि मला म्हणाले, "काय साहेब, सातच्या ऐवजी आठ घेतल्या असत्या तर?"

मी हसायची तयारी केली.

"सात बरोबर होत्या," अण्णा म्हणाले. "मी तपासलंय. अंदाजात खोट नाही. माल यायला वेळ लागतोय, एवढंच."

सेक्रेटरींनी वर्गणीचं पुस्तक मिटलं. बायकोचा हात तांदळात थांबला आणि तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा चष्मा काढून पुसत होते. मग त्यांनी मला विचारलं की उद्या सुट्टी आहे तर त्यांच्याबरोबर पट्टी शोधायला येणार का. मी म्हटलं, येतो.